जर्मन तार आणि मिरजेचा तंबोरा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकांच्या पत्रांत सांगलीच्या एका गृहस्थांचं पत्र आलं होतं. मुलासाठी अमेरिकी कंपनीचा गिटारच्या तारांचा संच त्यांनी हजार रुपयांना घेतला आणि घरी येऊन डॅलसच्या भाच्याला फोन लावला. भाचा म्हणाला, मामा, इथं तो आठ डॉलरला मिळतो. डॉलर ८५ रुपये धरला तर ६८०. 'मधले सव्वातीनशे कुणाच्या खिशात गेले?' असा त्यांचा सवाल होता, आणि उत्तरही त्यांनीच देऊन टाकलं होतं. दुकानदाराच्या.

पत्र वाचून मी आधी आमचं बिलबुक उघडलं. त्या सुमाराला आमच्या काउंटरवरून असे दोन संच गेलेत, दोन्ही हजारालाच. तेव्हा तो दुकानदार आमचाच असण्याची बरीच शक्यता आहे. गप्प बसावं असं आधी वाटलं होतं, पण राहवेना.

मी मिरजेत एका तंतुवाद्यांच्या कारखान्यात गेली २६ वर्षं हिशेब लिहिते. कारखाना म्हणजे धुराडं वगैरे काही नाही. पुढं दुकान, मागं चार कारागीर, माळ्यावर भोपळे. मालकांना सगळी गल्ली चाचा म्हणते, मीही म्हणते. मुख्य काम सतारी आणि तंबोऱ्यांचं. गिटारच्या तारा, कॅपो, ट्यूनर हा माल अलीकडच्या पोरांसाठी ठेवलेला. पण त्यामुळं झालंय असं की परदेशातून येणाऱ्या मालाचे कागदही माझ्या टेबलावरून जातात आणि परदेशी जाणाऱ्या मालाचेही. दोन्ही बाजूंचं बघितलं की डोकं जरा थंड होतं.

आधी भाच्याचं बघू. त्यानं सांगितलेल्या आठ डॉलरमध्ये कर नाही. अमेरिकेत फळीवर लिहिलेली किंमत कराशिवायची असते, तो गल्ल्यावर वेगळा लागतो. डॅलसमध्ये तो सव्वाआठ टक्के आहे. म्हणजे ६८० चे झाले ७३६. आपल्याकडं पाकिटावर छापलेल्या एमआरपीत सगळे कर आलेले असतात. तेव्हा तुलना करायची तर ७३६ ची हजाराशी करावी. फरक २६४ चा. कमी झाला, पण आहेच.

आता हा संच कसा येतो ते बघा. समजुतीसाठी गोल आकडे घेते. कंपनी आपल्या आयातदाराला घाऊकात तो ३४० ला देते असं धरू. विमानभाडं आणि विमा मिळून ४०. झाले ३८०. आपल्याकडं कस्टम ड्युटी लागते ती या ३८० वर, नुसत्या मालाच्या किमतीवर नाही. भाड्यावरही जकात! अमेरिकेत मूल्य धरताना परदेशातून येण्याचं भाडं वगळतात, आपण ते मिळवतो. मूळ ड्युटी १० टक्के धरली तर ३८ रुपये, आणि त्या ड्युटीवर पुन्हा १० टक्के समाजकल्याण अधिभार, ३ रुपये ८० पैसे. झाले ४२२. क्लिअरिंग एजंट, विमानतळावरचं गोदाम, बँकेचं कमिशन असे ३० धरा. ४५२ ला संच आयातदाराच्या वखारीत पडला. तो त्यावर २५ टक्के चढवतो, ५६५. मुंबईचा घाऊक व्यापारी १५ टक्के, ६५०. आम्ही ३० टक्के, ८४५. त्यावर १८ टक्के जीएसटी, की झाले ९९७. (आयात होताना बंदरावरही, म्हणजे इथं विमानतळावर, आयजीएसटी म्हणजे आयातीवरचा जीएसटी भरावा लागतो. तो पुढच्या करातून वळता होतो म्हणून मी शेवटी एकदाच धरलाय. पण माल विकेपर्यंत आयातदाराची तेवढी रक्कम अडकून पडते आणि त्याचं व्याज तो आपल्या २५ टक्क्यांतून काढतो.)

आमचे ३० टक्के बघून त्या गृहस्थांच्या भुवया वर जातील. १९५ रुपये! त्यातून गाळ्याचं भाडं, लाइटबिल, माझा पगार आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत मिरजेच्या दमट हवेत गंज धरून फुकट जाणारे संच. डॅलसचा दुकानदारही फार वेगळं घेत नसावा.

खरी गोम दुसरीकडं आहे, आणि ती कळायला मला स्वतःला पुष्कळ वर्षं लागली. बंदरावर झालेले खर्च तीन: ड्युटी ४२, भाडं-विमा ४०, क्लिअरिंग ३०. बेरीज ११२. पण पुढचा प्रत्येक जण टक्का लावतो तो पूर्ण रकमेवर, या ११२ वरही. २५ टक्के, मग १५, मग ३०, मग जीएसटी १८. गुणाकार केला तर बंदरावरचा एक रुपया गिऱ्हाइकाच्या खिशातून जाताना दोन रुपये वीस पैसे होतो. ११२ चे २४७ होतात. भाच्याच्या आणि मामाच्या किमतीतला फरक किती होता? २६४. बंदरावरचे हे खर्च नसते तर हाच संच, हेच सगळे दलाल धरून, साडेसातशेला पडला असता.

ड्युटीच्या ४२ रुपयांसाठी आयातदारानं कष्ट काय केले, की त्यावरही टक्का लावावा? हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर असं की पैसा त्याचा अडकतो. मला ते निम्मंच पटतं. पण त्या गृहस्थांना भांडायचंच असेल तर भांडायची जागा ही आहे.

कुणी म्हणेल, मग मधली माणसं काढून टाका, थेट मागवा. आम्ही ते करून बघितलंय.

तंबोऱ्याच्या जोडाची, म्हणजे मधल्या दोन तारांची, पोलादी तार आमच्याकडं जर्मनीचीच लागते. रोस्लाऊची तार म्हटलं की मिरजेत वेगळं सांगावं लागत नाही. ती ताणली तरी उतरत नाही आणि जवारीवर (तारा जिच्यावरून जातात त्या घोडीच्या घासलेल्या माथ्यावर) तिचा आवाज बरोबर उघडतो. चाचांच्या वडिलांच्या काळात परदेश दौऱ्यावरून येणारे वादक ट्रंकेतून तिची रिळं आणत आणि अत्तराच्या कुपीसारखी ती कपाटात कुलपात असत. आयातीची बंधनं सुटल्यावर तार मुंबईत सर्रास मिळू लागली, पण भाव ऐकून चाचा दरवेळी कुरकुरत. जोडाची एक तार वजनाला एक ग्रॅमसुद्धा भरत नाही. एका किलोच्या रिळात हजाराच्या वर तारा निघतात. मग मी म्हटलं, आपणच मागवू. आयात-निर्यातीचा कोड होताच, तंबोरे बाहेर पाठवण्यासाठी काढलेला.

थोडी रिळं मागवली. कागदावर मालाचं वर्णन मी नुसतं 'पोलादी तार' असं लिहिलं. लोखंड-पोलादाच्या तारेचा कस्टमच्या कोष्टकातला क्रमांक वेगळा, वाद्याच्या तारेचा वेगळा, दर वेगळे, कागद वेगळे. एजंटचा फोन आला, "मॅडम, ही बांधकामाची तार आहे की वाजवायची?" मी म्हटलं, अहो, वाजवायची. तो म्हणाला, "मग तसं लिहायचं होतं." दुरुस्तीचे कागद, कंपनीकडून पत्र, पुन्हा कागद. तोवर खोकं मुंबईला विमानतळाच्या गोदामात पडून, आणि गोदामाचं भाडं दिवसागणिक चढतंय. खोकं मिरजेत आलं तेव्हा हिशेब मांडला, तर मुंबईच्या व्यापाऱ्याकडून घेतली असती त्यापेक्षा तार महागात पडली होती. चाचा काही बोलले नाहीत. रीळ हातात घेऊन नखानं तार छेडली आणि म्हणाले, "आवाज चांगलाय ताई." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चूक माझी, ती मी माझ्याच नावावर लिहिते. पण त्यातून कळलं ते असं, की एजंटची फी, कागदांचा खर्च, बँकेचं कमिशन हे खोक्यात पाच किलो असले काय न् पाचशे किलो असले काय, फारसं बदलत नाही. मोठा आयातदार ते हजार संचांवर वाटतो, आमच्यासारख्याला ते चार रिळांवर सोसावं लागतं. म्हणून तो मधला माणूस टिकून आहे.

आता उलट बाजू. हे सांगायचं म्हणूनच खरं तर पत्र लिहायला घेतलं.

दर्ग्याच्या उरुसात गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते, त्या वेळी बाहेरगावची मंडळी दुकानात डोकावतात. एका वर्षी नेदरलँड्सची एक मुलगी आली. पुण्यात गाणं शिकत होती, मराठी तोडकंमोडकं पण गोड. तिनं एक तंबोरा काढून वाजवला, किंमत विचारली. चाचा म्हणाले पस्तीस हजार. मुलगी एकदम गप्प. मग फोन काढून तिनं तिच्या गावच्या दुकानाचं पान दाखवलं. तसाच मिरजेचा तंबोरा, आपल्या पैशांत जवळजवळ एक लाख चाळीस हजार. चौपट. चाचांनी चष्मा वर केला. "ताई, इकडं या जरा. पस्तीसचा तंबोरा तिकडं दीड लाखाला लागलाय. मधलं लाखभर कुणी खाल्लं ओ?"

सांगलीच्या गृहस्थांचाच प्रश्न, फक्त दुसऱ्या टोकाकडून.

त्या दिवशी मी जुन्या बिलाच्या पाठीवर त्यांना मांडून दाखवलं. तंबोऱ्याची फायबरची पेटी १५० सेंटिमीटर लांब, ५० रुंद, ४५ उंच. आत तंबोरा धरून वजन १४ किलो. पण कुरिअरवाला वजन काट्यावर बघत नाही, लांबी-रुंदी-उंचीचा गुणाकार करून त्याला ५००० नं भागतो. आलं साडेसदुसष्ट किलो. १४ किलोच्या मालाला साडेसदुसष्ट किलोचं भाडं! म्हणजे भोपळ्यातल्या हवेचंही भाडं आपण भरतो. ज्या हवेमुळं तो गुंजतो तीच भाड्यात नडते. एका तंबोऱ्याला भाडं तंबोऱ्याएवढंच येतं, पेटी वेगळी.

पुढं तिकडची ड्युटी, ती किरकोळ. पण नेदरलँड्सचा व्हॅट २१ टक्के, तोही भाड्यासकट. दुकानदार वर्षात असे किती तंबोरे विकणार? महिनोन्‌महिने तो भिंतीला टेकून उभा. थंडीत हीटर लागला की हवा कोरडी होऊन भोपळा तडकतो. आमचा भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या उन्हातला, त्याला ती हवा सोसत नाही. एकदा तडकलेल्याबद्दल आम्ही दुसरा भरून दिलाय. जवारी इथून लावून पाठवली तरी प्रवासात बिघडते, घोडी पुन्हा घासायला जाणकार लागतो, आणि तिथं जाणकाराला तासावर मोजावं लागतं. इथं तेच काम आमचा कारागीर चहा पिता पिता करतो.

शिवाय कागद. २०१७ च्या जानेवारीत शिसवाच्या सगळ्या जाती वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय करारात आल्या. तंबोऱ्याचा दांडा तुणीचा, पण खुंट्या शिसवी. चार खुंट्या! त्या चार खुंट्यांसाठी प्रत्येक पेटीबरोबर लाकूड कायदेशीर असल्याचा दाखला जोडायला लागला. २०१९ च्या नोव्हेंबरात तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली, तोवर जवळपास तीन वर्षं त्या कागदांचे पैसेही तिकडच्या गिऱ्हाइकाच्याच बिलात गेले.

चाचांनी बिलाची पाठ उलटसुलट केली. म्हणाले, "म्हंजे कुणी खाल्लं न्हाई. वाटंत सांडलं."

चाचा देवमाणूस आहेत, पण हे मला सगळं पटत नाही. काही सांडतं, काही खाल्लंही जातं.

मिरज डॉक्टरांचं गाव. माझा पुतण्या इथंच शिकतो. त्याच्या जाडजूड इंग्रजी पुस्तकावर आत छापलेलं असतं की ही आवृत्ती फक्त भारत आणि शेजारच्या देशांत विकण्यासाठी. तेच पुस्तक अमेरिकेत कितीतरी पट महाग. कंपनी तिकडची, मजकूर तोच, आणि मायदेशातच जास्त भाव. थायलंडच्या एका विद्यार्थ्यानं अमेरिकेत शिकताना घरच्यांकडून अशी स्वस्त आशियाई पुस्तकं मागवून तिकडं विकली. प्रकाशकानं खटला भरला, तो थेट तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०१३ मध्ये निकाल विद्यार्थ्याच्या बाजूनं लागला. सांगायचा मुद्दा, कंपनी भाव ठरवताना खर्च बघते आणि समोरच्याचा खिसाही बघते. वैद्यकीचा विद्यार्थी इथं जास्त देऊ शकणार नाही, म्हणून पुस्तक स्वस्त. परदेशी तारांवर गिटार वाजवणाऱ्या मुलाचे आई-वडील देऊ शकतील, म्हणून तार महाग. आयफोन तर आता तमिळनाडूत जुळवतात, तरी तो अमेरिकेपेक्षा इथं महागच मिळतो. तिथं बंदराचं कारण किती पुरणार?

आणि आमचंही सांगते, कारण दुसऱ्याचं सांगून आपलं झाकणं बरं नाही. २०१३ च्या ऑगस्टमध्ये डॉलर ६८ च्या वर गेला होता. मुंबईहून फोन आला की परदेशी माल महाग होणार. फळीवरचा माल जुन्या भावात घेतलेला होता, तरी आम्ही चार दिवसांत भाव वाढवले. दोन महिन्यांत डॉलर साठ-बासष्टवर उतरला. भाव उतरवायचं मात्र राहूनच गेलं. वहीतलं ते पान मी अजून कधी कधी उघडते. वाढवायला चार दिवस लागले, उतरवायला बारा वर्षं झाली तरी मुहूर्त लागलेला नाही. त्या गृहस्थांच्या तक्रारीतलं जे खरं आहे ते हे, आणि त्यासाठी ते आम्हाला बोलले असते तर मी मान खाली घातली असती.

आणखी एक, थोडक्यात. हातानं बनवलेल्या देशी वाद्यांवर जीएसटी शून्य आहे. लोकांना वाटतं, या वाद्यवाल्यांची चैन आहे. पण विक्रीवर कर नाही म्हणून खरेदीवर भरलेला करही देशातल्या विक्रीपुरता आम्हाला वळता मिळत नाही. पॉलिश, फायबरची पेटी, जर्मन तार, सगळ्यांवरचा कर तंबोऱ्याच्या किमतीतच मुरतो. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, हारतुरे झाले, फोटो छापून आले. त्या गर्दीत कुणीतरी हा प्रश्न विचारायला हवा होता. आपल्या वार्ताहरांनी विचारला तर आकडे मी देते.

पत्र लांबलंय याची कल्पना आहे. कापायचं झालं तर खुंट्यांचं कापा, ११२ चे २४७ कसे होतात ते कृपया कापू नका.

नेदरलँड्सच्या त्या मुलीनं तंबोरा घेतला. पेटीसकट विमानात स्वतःबरोबर नेते म्हणाली. चाचांनी भोपळ्याभोवती घरातली जुनी वाकळ गुंडाळून दिली, तिचे पैसे धरले नाहीत.

आणि सांगलीच्या गृहस्थांना एक विनंती. तारांच्या पाकिटाच्या मागं एक पांढरं स्टिकर असेल, त्यावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि एमआरपी छापलेली असते. तिथं १,०५० असेल आणि तुम्ही दिले असतील हजार, तर ते दुकान आमचंच. वरचे ५० चाचांनी सोडले. मी असते तर सोडले नसते.

आपली,
मिरजेतील एका वाद्यांच्या दुकानातली हिशेबनीस
(मालकांना हे पत्र दाखवलेलं नाही, म्हणून नाव छापू नये.)